नवीन परदेशी कीड आली की पहिल्या महिन्यातला खर्च कोण करतं? सरकारकडे त्यासाठी वेगळा पैसा असतो का?

बांधावरचा (सिल्लोड)

राम राम मंडळी. मका आणि थोडी मिरची असते आमची. परवा गावात कृषी खात्याची बैठक झाली, त्यात ते केंद्राचं नवीन ॲप दाखवलं, पानाचा नाहीतर अळीचा फोटो काढायचा की ॲप सांगतं कुठली कीड आहे. चांगलंच आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण मी आपलं विचारलं की समजा ॲपला ओळखूच आली नाही, म्हणजे देशात आजवर कुणी बघितलीच नाही अशी निघाली, तर पुढं काय? कोण येतं, फवारणीचा खर्च कुणाचा, आणि उभं पीक मोडायची वेळ आली तर त्याचे पैसे कोण देतं? साहेब म्हणाले वर कळवू. वर म्हणजे कुठं ते त्यांनाही नक्की माहीत नसावं, माणूस चांगला आहे पण त्याच्या हातात काय असणार.

विचारायचं कारण २०१८-१९. अमेरिकन लष्करी अळी आफ्रिकेत २०१६ लाच पोचलेली, आपल्याकडे मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याला सापडली, सप्टेंबरात सोलापूर, आणि पुढच्या खरिपात आमच्या पट्ट्यात मक्याच्या पोंग्यांची, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीची, चाळण. आफ्रिकेपासून धरलं तर दोन वर्षांच्या वर हातात होती, शिवमोग्यापासून धरलं तरी अख्खा हंगाम. तेवढ्या वेळात पैसा कुठं अडकला होता? का मुळात असा पैसा नसतोच? कुणी खात्यात काम केलेलं असेल तर नीट सांगा. राजकारण नको, हेड सांगा, म्हणजे सरकारी हिशोबात कुठल्या नावाखाली पैसा निघतो ते.

निवृत्त_मंडळअधिकारी

हेड विचारलंय म्हणून हेडच सांगतो.

क्रॉपसॅप, म्हणजे राज्याची कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला योजना, तुम्हाला माहीत असेल. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांनी धुमाकूळ घातला त्यानंतर २००९ पासून सुरू झालं. पैसा राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून, केंद्र ६० राज्य ४०. ठरलेल्या प्लॉटवर कीड सर्वेक्षक जातात, निरीक्षणं ऑनलाइन भरतात, आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणी परवडेल इतकी कीड, ओलांडली की सल्ला जातो, हॉटस्पॉट निघाला तर औषध अनुदानावर. महाराष्ट्राने केलेल्या बऱ्या कामांत मी हे धरतो, उगाच म्हणत नाही. पण त्याची सगळी बांधणी ओळखीच्या किडींसाठी आहे. नुकसानीची पातळी ठरवायलाच आधी त्या किडीचा आपल्या हवेत, आपल्या वाणांवर अभ्यास लागतो, आणि काल आलेल्या किडीची पातळी आणायची कुठून?

मग राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, एसडीआरएफ. त्यात केंद्राने ठरवलेल्या बारा आपत्तींच्या यादीत कीड हल्ला आहे, दुष्काळ, पूर, गारपीट यांच्या रांगेतच. पण निकष बघा. पीक ३३ टक्के किंवा जास्त गेलं पाहिजे, मग २०२२ ते २६ च्या दरांनी जिरायतीला हेक्टरी ८५००, बागायतीला १७०००, बहुवार्षिकला २२५००, तेही दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे हा पैसा हलायला आधी नुकसान व्हावं लागतं. कीड पाच शेतांत असताना तिला तिथंच गाठायला या मदतीतला रुपया निघत नाही, पाच तालुक्यांत पोचली की पंचनामे सुरू होतात.

विम्याचं विचारूच नका. एकट्याच्या शेतात कीड पडली तर स्थानिक आपत्तीत ती कधी नव्हतीच, तिथं गारपीट, भूस्खलन, पाणी साचणं असलं धरायचे. मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठ्याखाली, म्हणजे ठरलेल्या पातळीखाली, गेलं तर सगळ्यांना सारखं. २०२५ च्या खरिपापासून आपल्याकडे तर सगळा भार पीक कापणी प्रयोगावरच, म्हणजे निवडक प्लॉट कापून मोजलेल्या उत्पन्नावरच आहे.

केंद्राचं पीक संरक्षण आणि विलगीकरणाचं उपअभियान आहे, त्यातून बंदरं-विमानतळांवरची क्वारंटाइन ठाणी आणि नाशिक, नागपूरसारखी एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्रं चालतात. पण नवीन किडीसाठी आधीच बाजूला काढून ठेवलेला आणि फोन आल्याबरोबर जिल्ह्याला वापरता येईल असा पैसा माझ्या अख्ख्या नोकरीत मी पाहिला नाही. खर्चाची मंजुरी यायला प्रस्ताव लागतो, प्रस्तावाला क्षेत्राचे आकडे लागतात, आणि आकडे मोठे असल्याशिवाय प्रस्तावाकडे कुणी बघत नाही. लहान असतानाच मारायची तर फाइल मोठी होऊ द्यायची नाही, आणि फाइल मोठी झाल्याशिवाय पैसा नाही, असा तो पेच आहे.

एकच अपवाद, टोळ. त्यासाठी १९३९ पासून वेगळी संघटना आहे, जोधपूरला, माणसं, गाड्या, फवारे सगळं कायमचं. मे २०२० मध्ये टोळ अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आले तेव्हा त्यांच्यामागे कुठं, कधी आणि काय फवारायचं हे माहीत असलेली माणसं देशात होती, टोळ रात्री झाडांवर बसले की अग्निशमनचे बंब लावून फवारलं. टोळांनी इंग्रज सरकारला पुरेसा त्रास दिला म्हणून ते झालं, बाकी किडींनी दिल्लीला तेवढा त्रास अजून दिलेला नाही.

कापूसकोंडा (यवतमाळ)

साहेब तुमचं ३३ टक्के वाचलं आणि २०१७ आठवलं. बोंडअळीने कापूस खाल्ला, डिसेंबरात नागपूर अधिवेशनात तेव्हाचे कृषिमंत्री फुंडकर यांनी जाहीर केलं जिरायत कापसाला हेक्टरी ३०८०० आणि बागायतीला ३७५००, आम्ही म्हटलं चला काहीतरी हाती येतंय, मग फोड बघितली तर जिरायतीच्या ३०८०० मधले ६८०० आपत्ती निधीचे, ८००० विम्याचे आणि १६००० बियाणं कंपन्यांकडून वसूल करून. म्हणजे निम्म्याच्या वर पैसा असा की जो जाहीर करणाऱ्याच्या खिशात नव्हताच. कंपन्या गेल्या कोर्टात. माझ्या खात्यात आपत्तीवाला भाग आला, तोही पुढच्या पेरणीच्या आसपास, कटकट करत, आधी तलाठी मग कृषी सहायक मग ग्रामसेवक तिघांच्या सह्या. आता तर तिघांचीही पदनामं बदलली, सह्या तेवढ्याच आहेत.

तर बांधावरचा भाऊ, तातडी वगैरे विसरा. आपल्याकडे तातडी म्हणजे पंचनामा चोवीस तासांत, पैसे चोवीस आठवड्यांत.

निवृत्त_मंडळअधिकारी

कापूसकोंडा, आकडे बरोबर आहेत. एक दुरुस्ती, गुलाबी बोंडअळी परदेशी पाहुणी नाही. १८४३ मध्ये तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं तेच मुळी भडोचच्या कापसावरच्या नमुन्यांवरून. २०१७ ला झालं ते बीटी कापसाला ती दाद देईनाशी झाली म्हणून. त्यामुळे तिथं प्रश्न वेगळा, बियाणं, फरदड (हंगाम संपल्यावरही कापूस उभा ठेवणं), रेफ्युजी (बीटीच्या कडेचं बिगर-बीटी) न लावणं वगैरे.

कापूसकोंडा (यवतमाळ)

अळी कुठल्या का गावची असेना, पैसे उशिराच आले ना. पण ठीक, मुद्दा मान्य, फरदड आम्हीच ठेवत होतो मार्चपर्यंत.

ब्रिस्बेनकर

मी मूळची सांगलीची, आता बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये, नर्सरीच्या धंद्यात आहे त्यामुळे हा विषय रोजचा. इथलं सांगते, चांगलं वाईट दोन्ही.

इथे २००५ पासून केंद्र सरकार, सगळी राज्यं आणि पिकांच्या शेतकरी संघटना यांच्यात एक करार आहे, इमर्जन्सी प्लान्ट पेस्ट रिस्पॉन्स डीड म्हणतात. त्याची खरी गंमत ही की पैशाचं भांडण कीड यायच्या आधीच भांडून घेतलंय. कुठली कीड आली तर कुणी किती टक्के द्यायचे हे वर्ग पाडून ठरलेलं. ज्या किडीचा फटका जंगलाला, पर्यावरणाला किंवा माणसांना जास्त, तिचा सगळा खर्च सरकारचा. मग ८०-२०, मग निम्मं-निम्मं, आणि ज्या किडीने नुकसान जवळपास फक्त त्या पिकाच्या शेतकऱ्यांचंच होतं तिथे २० टक्के सरकार आणि ८० टक्के त्यांची संघटना. शेतकऱ्यांचा वाटा लेव्हीतून, म्हणजे त्या पिकावरच्या पट्टीतून येतो. ही लेव्ही बऱ्याच पिकांना एरवी शून्य ठेवलेली असते, मोहीम ठरली की मग चालू करायची, तोवर सरकार त्यांचा वाटा भरतं आणि नंतर वळता करून घेतं. म्हणजे पहिल्या आठवड्यात कुणी कुणाची वाट बघत बसत नाही.

आणि बांधावरचा दादा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, उभं पीक मोडलं तर. त्याला इथे ओनर रीइम्बर्समेंट म्हणतात. मोहिमेसाठी तुमची बाग काढायला लावली तर ठरलेल्या सूत्राने त्याचे पैसे मिळतात, मेहेरबानी म्हणून नाही, करारात लिहिलंय म्हणून. अर्थात तुम्ही लपवाछपवी केली नसेल तर. माझ्या मते सगळ्या करारातला सगळ्यात शहाणा भाग हाच, कारण नवीन कीड पहिल्यांदा दिसते ती शास्त्रज्ञाला नाही, शेतकऱ्याला, आणि कळवल्यावर आपलंच पीक जाणार असेल तर तो गुपचूप फवारून मोकळा होईल.

उदाहरण, लिंबूवर्गीयातला कॅन्कर, म्हणजे आपल्याकडे लिंबावर येतो तो खैऱ्या, जो विदर्भात कुणी बातमीलायकही समजत नाही. २००४ मध्ये इथे एमराल्ड भागात सापडला तर त्या भागातली लिंबूवर्गीय झाडं सरसकट काढली, लाखांत होती, आणि २००९ ला देश मुक्त जाहीर केला. २०१८ मध्ये डार्विनकडे परत निघाला, परत तेच, २०२१ ला परत मुक्त. केळीवरचा फ्रेकल नावाचा रोग २०१३ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत, तिथे तर लोकांच्या परसातली केळीसुद्धा काढली, २०१९ ला मुक्त म्हणाले आणि २०२२ मध्ये पुन्हा सापडला. तेव्हा यश कायमचं असतं असं नाही.

वाईट बाजू, बैठका फार, कागद फार, आणि छोट्या पिकांच्या संघटना ज्यांनी करारावर सहीच केली नाही त्यांच्या पिकाची कीड आली की सगळं अडखळतं.

एमपीएससी_कृषी

वाचून छान वाटलं पण ऑस्ट्रेलियाचं गुणगान करताना एक गोष्ट राहिली, ताई. हीच लष्करी अळी २०२० च्या सुरुवातीला तुमच्याकडेही आली, टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर आणि उत्तर क्वीन्सलँडला, आणि तुमच्या समितीने थोड्याच आठवड्यांत सांगून टाकलं की हिचं निर्मूलन शक्य नाही. एवढा करार, एवढे वर्ग, तरी. कारण पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जातो आणि मादी हजार-दीड हजार अंडी घालते, तिला कुठं बांधावर अडवणार? त्यामुळे शिवमोग्याला मे मध्ये शंभर कोटी ओतले असते तर सिल्लोड वाचलं असतं हे मला पटत नाही.

अमेरिकेत बघा, तिकडे तर कायद्यातच पैसा आहे, २०१८ च्या फार्म बिलात या कामाला वर्षाला साडेसात कोटी डॉलर ठेवले होते, त्यातला काही भाग वर्षभरात अचानक उगवणाऱ्या किडींसाठी राखून. तरी स्पॉटेड लँटर्नफ्लाय नावाची कीड पेनसिल्व्हेनियात २०१४ ला सापडली, एका काउंटीत, आणि पावणेदोन कोटी डॉलरचा तातडीचा निधी जाहीर झाला फेब्रुवारी २०१८ ला. जवळपास साडेतीन वर्षांनी तातडी! आता ती कितीतरी राज्यांत आहे. म्हणजे पैसा असणं आणि वेळेवर असणं यात फरक आहे आणि तो फक्त आपल्याकडेच नाही.

माझं मत, आपल्यासारख्या देशात लहान शेतं, उघड्या सीमा, त्यामुळे बहुतेक किडींचं निर्मूलन होणारच नाही, तेव्हा तातडीचा पैसा फवारणीला नको, नैसर्गिक शत्रू शोधायला लावा. पपईवरचा पिठ्या ढेकूण आठवा. २००८ ला कोइमतूरला सापडला, पुढे आपल्या पुण्यापर्यंत आला, लोक फवारून फवारून थकले, मग २०१० मध्ये बंगळुरूच्या संस्थेने अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने पोर्टो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या, ॲसेरोफॅगस पपाये ही त्यातली मुख्य, आणि त्यांनी सोडल्या तिथं काही महिन्यांत ढेकूण बसवला. शेतकऱ्याला एक फवारणी लागली नाही. कसाव्याच्या ढेकणाचंही तसंच, २०२० ला केरळात त्रिशूरला सापडला, आफ्रिकेतून बेनिनहून माशी आणली आणि २०२२ मध्ये तमिळनाडूत सोडली.

ब्रिस्बेनकर

निर्मूलन शक्य नाही हे थोड्याच आठवड्यांत ठरलं हाच तर फायदा. नाही म्हणायलाही कुणीतरी जबाबदार बसलेलं असावं लागतं, म्हणजे मग पैसा लगेच औषधांच्या परवान्याकडे, सापळ्यांकडे, शेतकऱ्यांना शिकवण्याकडे वळवता येतो. तुमच्याकडे २०१८ मध्ये शक्य आहे का नाही हे कुणी कधी जाहीरपणे सांगितलं? आणि पपईचं उदाहरण तुम्हीच दिलं, २००८ ते २०१० दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांचा हिशोब मांडा की. परदेशातून परोपजीवी आणायला परवानगी, क्वारंटाइन, यजमानाची चाचणी हे सगळं लागतंच, मान्य, पण त्यातला शास्त्राचा वेळ किती आणि फाइलचा किती?

बांधावरचा (सिल्लोड)

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं.

एमपीएससीवाले भाऊ, पटतंय तुमचं, पतंगाला बांध कळत नाही. पण मी सिल्लोड वाचलं असतं असं म्हणतच नाहीये. २०१९ ला आम्हाला पाऊस पडल्यावर कळलं की ही साधी खोडकिडी नाही. तोवर दुकानदाराने जे हातात दिलं ते मारलं, दोन औषधं एकत्र, तीन एकत्र, वरून, पोंग्यात न टाकता, अळी आत बसलेली मजेत. औषध पोंग्यात गेलं पाहिजे आणि अळी लहान असतानाच, हे जूनमध्ये कुणी बांधावर येऊन सांगितलं असतं आणि दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) दिले असते तरी निम्मा खर्च वाचला असता. त्याला शंभर कोटी नको होते. एका तालुक्याला काही लाख, पण ते मे महिन्यात. मंजुरी ऑगस्टात आली तर मका तुऱ्यावर, सापळे घेऊन काय भिंतीला टांगू?

आणि ताईंचा कळवण्याचा मुद्दा एकदम बरोबर. खरं सांगतो, उद्या माझ्या मिरचीत काही वेगळं दिसलं आणि मला माहीत असलं की कळवलं तर प्लॉट मोडतील आणि बदल्यात साडेआठ हजार हेक्टरी, ते पण दिवाळीनंतर, तर मी त्या ॲपमध्ये फोटो टाकीन का? शेजाऱ्यालाही सांगणार नाही.

निवृत्त_मंडळअधिकारी

यात मी भर घालतो. मोडायला लावायचा अधिकार कुणाला आणि भरपाई कुणी द्यायची हे एका कायद्यात नीट लिहायची संधी आली होती. किडींबाबतचा आपला मूळ कायदा १९१४ चा, त्याच्या जागी कृषी जैवसुरक्षा विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडलं, २०१४ ला ती लोकसभा संपली आणि विधेयक तिच्याबरोबर गेलं. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता टोमॅटोवर टुटा, ती दक्षिण अमेरिकेतली नागअळी, देशात पहिल्यांदा सापडली आणि सापडली कुठं तर आपल्या पुणे-नगर पट्ट्यात. योगायोग म्हणा.

तालुक्याला काही लाख म्हणालात ते माझ्याही मनात कायम होतं. जिल्हा कृषी अधीक्षकाच्या हातात वर्षाच्या सुरुवातीला थोडी रक्कम, अट एवढीच की कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राने कीड नवीन आहे असं लिहून दिलं पाहिजे, मग प्रस्ताव नंतर, खर्च आधी. वर्षात काही आलं नाही तर रक्कम परत. पण मार्च एंडला न वापरलेली रक्कम परत करणारा अधिकारी कामचुकार ठरतो हेही तितकंच खरं, त्यामुळे फेब्रुवारीत उगाचच सापळे खरेदी होतील.

कापूसकोंडा (यवतमाळ)

लेव्हीचं काय मग? ताई म्हणतात शेतकरी ८० टक्के. इथं कुणी माझ्याकडून आणखी एक पैसा कापायचा म्हटला तर मी आधी भांडणार. बाजार समितीचा सेस जातोच आहे की दर पोत्यामागे, त्यातून काढा.

निवृत्त_मंडळअधिकारी

सेस कायद्याने खरेदीदाराकडून घेतात, शेतकऱ्याकडून नाही.

कापूसकोंडा (यवतमाळ)

आणि खरेदीदार तो भावात कापत नाही का 😀 तुम्ही खात्यातच होता ना साहेब.

एमपीएससी_कृषी

सेसवर वेगळा धागा काढा, तो संपणार नाही. बांधावरचा, तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर तुमच्या आमदारांकडून तारांकित प्रश्न टाकायला सांगा, मजकूर असा काहीसा: राज्यात आजवर न आढळलेली कीड सापडल्यास पहिल्या तीस दिवसांतील सर्वेक्षण व नियंत्रणासाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली तरतूद आहे, मागील पाच वर्षांत त्यातून किती खर्च झाला, आणि शासनाच्या आदेशाने पीक नष्ट केल्यास शेतकऱ्यास मोबदला देण्याबाबत नियम कोणता. तिसरा भाग वगळू देऊ नका, उत्तर देताना पहिल्या दोनवर भर देऊन तो गाळतात.

बांधावरचा (सिल्लोड)

लिहून घेतलं. पाच वर्षं नको, २०१८ पासून विचारतो, म्हणजे अळीचं वर्ष आत येईल.